तंतूंची दिशा



माणसाच्या डोळ्याचे बाहेरचे आवरण दोन भागांचे असते. मागचा आणि बाजूचा पांढरा भाग म्हणजे श्वेतपटल. समोरचा, ज्याच्या आरपार आपल्याला बुबुळाचा रंग दिसतो, तो पारपटल किंवा कॉर्निया. एक पूर्ण अपारदर्शक, दुसरा इतका नितळ की तो तिथे आहे हेच लक्षात येत नाही. हे दोन्ही भाग एकमेकांना सलग जोडलेले आहेत आणि दोन्ही मुख्यतः एकाच प्रथिनाचे बनले आहेत. त्या प्रथिनाचे नाव कोलॅजेन.

मग एकच पदार्थ एका जागी पांढरा आणि लगतच पारदर्शक कसा? कॉर्नियात कोलॅजेनचे तंतू जवळपास एकाच जाडीचे असतात, साधारण ३० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे तंतू ठरावीक अंतर राखून समांतर मांडलेले असतात. अशा समांतर तंतूंचा एक थर, त्यावर आडव्या दिशेने दुसरा थर, असे करत अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत दोनशेहून अधिक थर बसवलेले असतात. श्वेतपटलात तेच तंतू काही बारीक, काही कितीतरी पट जाड, आणि वाटेल तसे एकमेकांत गुंतलेले. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ साली याचा उलगडा केला. प्रत्येक तंतू आपल्यावर पडलेला थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतोच. पण तंतू नेमाने मांडलेले असले, तर बाजूला विखुरलेल्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि समोर जाणारा प्रकाश तेवढा उरतो. कॉर्नियाला सूज आली, आत पाणी शिरले, तंतूंमधले अंतर बिघडले, की तो लगेच धूसर होतो. प्रथिन तेच असते, बिघडलेली असते ती मांडणी.

आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगायचे आहे. शरीराची दुरुस्ती करताना पदार्थ कोणता वापरायचा हा प्रश्न आपण पूर्वीपासून विचारत आलो. त्या पदार्थाचे तंतू कोणत्या दिशेने मांडायचे हा प्रश्नही तितकाच मोठा आहे आणि त्याला आपण बराच उशिरा हात घातला. कोलॅजेन, रेशीम, कायटोसान, सेल्युलोज अशा निसर्गाने घडवलेल्या बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरांचे, पातळ पापुद्रे करायचे, त्यातले नॅनोतंतू एका दिशेने मांडायचे, आणि तो पापुद्रा तुटलेल्या नसेच्या, फाटलेल्या कंडरेच्या किंवा बंद पडलेल्या लसिकावाहिनीच्या जागी ठेवायचा, असे या संशोधनाचे स्वरूप आहे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर पदार्थविज्ञान मराठीतून शिकवले, म्हणून हा विषय इथे मांडताना मला विशेष समाधान वाटते.

कोलॅजेनची गोष्ट सांगताना चेन्नईचे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासचे, नाव आधी घ्यावे लागते. जी. एन. रामचंद्रन १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात आले. त्या सुमारास जे. डी. बर्नाल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे आले होते आणि कोलॅजेनची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही हे त्यांनी बोलता बोलता सुचवले. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था कामाला लागले. क्ष-किरणांनी रचना शोधायची तर तंतू अतिशय शिस्तीने एका दिशेत मांडलेला नमुना हवा, नाहीतर छायाचित्रातले ठिपके पसरट होतात आणि काही वाचता येत नाही. असा नमुना त्यांना कांगारूच्या शेपटीच्या कंडरेत मिळाला. १९५४ मध्ये त्यांनी तीन साखळ्यांचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १९५५ मध्ये तो सुधारून त्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात हे दाखवले. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल का असते, तेही त्यातून समजले: पिळाच्या मध्यभागी त्याहून मोठ्या कशाला जागाच नसते. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश वाटा ज्या रेणूचा, त्याची रचना भारतातल्या एका विद्यापीठात, फार मोठी साधने हाताशी नसताना उलगडली. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ही गोष्ट ठळकपणे असायला हवी, असे मला फार मनापासून वाटते.

हा रेणू ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. असे रेणू एकमेकांपासून थोडे मागेपुढे सरकून शेजारी बसतात, आणि त्यामुळे तयार झालेल्या तंतूवर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पट्टे दिसले की समजावे, कोलॅजेन आपल्या मूळ रूपात शाबूत आहे. ही खूण लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

आता पेशींकडे वळू. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातला चेतापेशींचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून दाखवला. शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या शास्त्राची सुरुवात तिथे झाली. पुढे १९१४ मध्ये याच हॅरिसन यांनी अशा थेंबात कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून ठेवले. पेशी त्या धाग्यांना चिकटल्या, लांबट झाल्या आणि धाग्याच्या दिशेनेच सरकू लागल्या. त्यानंतर पॉल वाइस यांनी रक्तरसाची गुठळी ताणून तिच्यातले फायब्रिनचे तंतू एका दिशेत आणले, तेव्हा वाढणारे चेतातंतूही त्याच दिशेने गेले. पेशीला पृष्ठभागाने दिशा दाखवावी, या गुणाला त्यांनी संपर्क-मार्गदर्शन अशा अर्थाचे नाव दिले.

हे घडते कसे? पेशीच्या आवरणातून इंटेग्रिन नावाची प्रथिने बाहेर डोकावतात आणि आजूबाजूच्या तंतूला धरतात. त्यांचे आतले टोक पेशीच्या आतल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांना जोडलेले असते. पेशी सतत खेचून पाहत असते. तंतूच्या लांबीच्या दिशेने खेचले की पकड लांब आणि भक्कम होते. आडव्या दिशेला मात्र तंतू लगेच संपतो, पकडीला पुरेशी जागा मिळत नाही आणि ती सुटते. हळूहळू आतले सगळे दोरे तंतूच्या दिशेत येतात, पेशी लांबते आणि तिचे केंद्रकही लांबते. केंद्रकाचा आकार बदलला की कोणती जनुके चालू राहणार, कोणती बंद होणार, यावरही परिणाम होतो. औषधाचा एक रेणूही न घालता, निव्वळ तंतूंच्या दिशेने पेशीच्या वागण्यात एवढा फरक पडतो. या विषयाने मला धरून ठेवले ते याच गोष्टीमुळे.

पापुद्रा पातळच का, असे कोणी विचारेल. पेशीला प्राणवायू केशवाहिन्यांतून पाझरून मिळतो, आणि तो १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. जाड ठोकळा शरीरात ठेवला तर त्याच्या आतल्या पेशी उपाशी मरतात. पातळ पापुद्रा मात्र गुंडाळता येतो, नळीत सरकवता येतो, एकावर एक रचता येतो आणि प्रत्येक थराची दिशा आपल्याला हवी तशी ठरवता येते. मणक्यांमधल्या गादीभोवतीच्या कड्यात तंतूंचे थर आलटूनपालटून तिरके असतात. हृदयाच्या भिंतीत तंतूंची दिशा आतून बाहेर येताना क्रमाने वळत जाते. अशा रचना उभारायच्या तर पापुद्र्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तंतू तयार करण्याची सर्वांत गाजलेली पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. सिरिंजमध्ये बहुवारिकाचे द्रावण भरायचे, सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा, आणि समोर दहा-वीस सेंटीमीटरवर अर्थिंग केलेला धातूचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकावरचा थेंब विद्युतभाराने शंकूच्या आकारात ओढला जातो. त्या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. शंकूच्या टोकातून बारीक धार निघते. ती सरळ जात नाही, हवेत जोरजोराने वळसे घेते, त्या वळशांतच ताणली जाऊन हजारो पटींनी बारीक होते आणि वाटेत तिच्यातले द्रावक उडून जाते. अँटन फॉर्महाल्स यांना या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट १९३४ मध्येच मिळाले होते. पण तिच्याकडे सगळ्या जगाचे लक्ष गेले ते १९९० च्या दशकात, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी तिचा नव्याने अभ्यास सुरू केल्यावर.

पत्र्यावर जमतो तो तंतूंचा गुंताळा. आपल्याकडे सूत कातण्याआधी कापूस पिंजतात आणि मग त्याचा पेळू करतात. पिंजलेल्या कापसात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, पेळूत ते बऱ्यापैकी एका अंगाला लागतात, आणि पेळू नीट नसेल तर चरख्यावर धागा तुटतच राहतो. इथेही पिंजण्याचे काम वीज करते, पेळू करण्याची युक्ती आपल्याला शोधावी लागते. एक युक्ती म्हणजे पत्र्याऐवजी वेगाने फिरणारा ढोल ठेवायचा. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला काही मीटर झाला की तंतू त्याच्यावर गुंडाळले जाताना सरळ होतात. दुसरी युक्ती युनान शिया यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवली. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये फट ठेवली की तंतू त्या फटीवर आडवे ताणले जातात, सगळे एकमेकांना समांतर.

२००२ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातल्या संशोधकांनी याच पद्धतीने कोलॅजेनचे नॅनोतंतू काढले आणि या क्षेत्रात मोठा उत्साह पसरला. पण कोलॅजेन विरघळवण्यासाठी त्यांनी वापरलेले हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपेनॉल हे द्रावक फार जहाल आहे. ते रेणूचा तिहेरी पीळच उलगडून टाकते. पीळ उलगडलेले कोलॅजेन म्हणजे जिलेटिन. २००८ मध्ये दिमित्रिओस झ्युगोलिस आणि सहकाऱ्यांनी ‘बायोमटेरियल्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच विचारले की हा जिलेटिन बनवण्याचा एक महागडा मार्ग तर नाही ना. त्यांना आढळले की ते ६७ नॅनोमीटरचे पट्टे या तंतूंत दिसत नाहीत आणि तंतू पाण्यात टिकत नाहीत. मला हा निबंध फार महत्त्वाचा वाटतो. तंतू सुंदर, समांतर, छायाचित्रात देखणे. पण ज्या रेणूसाठी आपण नैसर्गिक पदार्थ निवडला, तो रेणूच वाटेत हरवलेला. दिशा मिळवताना पदार्थ गमावला तर या साऱ्या खटाटोपाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून अनेकांनी मवाळ मार्ग धरले. कोलॅजेनचा एक विलक्षण गुण त्यांच्या मदतीला आला. थंड, सौम्य आम्लात ते विरघळून राहते. द्रावण उदासीन करून ३७ अंशांवर आणले की अर्ध्या-एक तासात रेणू आपणहून एकत्र येतात आणि पट्ट्यांसकट खरे तंतू बनतात. शरीराला जे जमते ते परीक्षानळीतही होते. आता ते होत असतानाच दिशा द्यायची. एडिनबरो येथे टॉम एल्सडेल आणि जोनाथन बार्ड यांनी १९७२ मध्ये द्रावण घट्ट होत असताना भांडे तिरके ठेवून ते ओघळू दिले, आणि तंतू ओघळाच्या दिशेत मांडले गेले. उपकरण म्हणावे असे त्यात काहीच नव्हते. जिम टॉर्बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये चुंबकीय क्षेत्र वापरले. कोलॅजेनचे रेणू क्षेत्राला काटकोनात वळतात. एकट्या रेणूवर चुंबकाचा जोर नगण्य असतो, पण हजारो रेणू एकत्र येत असताना तो पुरेसा ठरतो. २००७ मध्ये त्यांनी याच रीतीने एक थर घट्ट होऊ दिला, क्षेत्राची दिशा काटकोनात फिरवून त्यावर दुसरा थर घातला, आणि कॉर्नियासारखे आडवे-उभे थर उभे केले.

पॅरिसमध्ये मारी-मादलेन गिरो-गिल यांनी आणखी एक वाट दाखवली. आम्लातले कोलॅजेन पुरेसे दाट केले, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅमच्या वर नेले, की ते द्रवरूप स्फटिक बनते. बाहेरून कोणी काही न करता रेणू थरांत बसतात आणि थराथरागणिक त्यांची दिशा थोडी थोडी वळत जाते. खेकड्याच्या कवचात कायटिनचे तंतू नेमके असेच वळत गेलेले असतात. ते प्रथम नीट ओळखले ईव्ह बूलिगाँ यांनी. प्राणी पूर्ण वेगळा, बहुवारिक वेगळे, आणि रचनेचा नियम एकच. असे दाट द्रावण सपाट पृष्ठभागावर पात्याने एका दिशेत ओढले, की त्या ओढीच्या जोराने रेणू एका अंगाला लागतात आणि वाळल्यावर काही मायक्रोमीटर जाडीचा, दिशा असलेला पापुद्रा हाती येतो. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत आश्वासक वाटतो, कारण त्यात जहाल द्रावक नाही, उच्च दाबाची वीज नाही, आणि पापुद्रा वीतभर नव्हे तर हातभर लांबही करता येतो.

पापुद्र्यातली दिशा डोळ्यांनी पाहता येते. आज मी सोबत प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत. त्या एकमेकींना आडव्या धरल्या की प्रकाश अडतो आणि अंधार होतो. मध्ये समांतर तंतूंचा पापुद्रा तिरका ठेवला की तो भाग उजळतो. पापुद्रा फिरवत नेला की दर ४५ अंशांना आळीपाळीने उजेड आणि काळोख. गुंताळ्याचा पापुद्रा कसाही फिरवला तरी असा फरक दिसत नाही. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यांनी टेबलापाशी येऊन जरूर पाहावे.

आता उपयोग. कायटोसान आणि जिवाणूंनी बनवलेले सेल्युलोज जखमेवरच्या आवरणासाठी चांगले, एवढेच सांगून पुढे जातो. दिशेचा खरा कस लागतो तो चेतातंतूंच्या दुरुस्तीत.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांज्याने हात कापलेले, एरवी यंत्रात किंवा काचेने मनगट कापलेले रुग्ण आपल्या रुग्णालयांत येतात. नस तुटली आणि दोन टोके जुळवता आली, तर शल्यविशारद ती शिवतो. मध्ये अंतर पडले तर पायाच्या पोटरीतली एक संवेदी नस काढून तिथे जोडतो. म्हणजे एक जागा भरण्यासाठी दुसरी जागा बधिर करायची. निसर्गाची स्वतःची सोयही आहे: तुटलेल्या नसेच्या पुढच्या भागातल्या श्वान पेशी रांगेत उभ्या राहून लांबट पट्टे बनवतात आणि वाढणारा चेतातंतू त्या पट्ट्यांना धरून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकतो. अंतर थोडे असेल तर हे जमते. जास्त असेल तर पट्टे बनत नाहीत आणि चेतातंतू भरकटतो.

या ठिकाणी रवी बेल्लमकोंडा आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग मला निर्णायक वाटतो. त्यांनी उंदरांच्या पायाच्या नसेत १७ मिलिमीटरचे अंतर पाडले. एवढे अंतर उंदराची नस एकटीने सांधू शकत नाही. त्यात नळी बसवून काहींमध्ये समांतर तंतूंचे पापुद्रे रचले, काहींमध्ये त्याच पदार्थाच्या गुंताळ्याचे पापुद्रे. समांतर तंतूंवरून नस पलीकडे पोचली. गुंताळ्यावरून पोचली नाही. वाढीला चालना देणारे कोणतेही प्रथिन त्यांनी घातले नव्हते. तो पदार्थ कृत्रिम बहुवारिक होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळेच निष्कर्ष स्वच्छ निघतो: फरक दिशेनेच घडवला. पुढे त्याच गटाला असेही दिसले की नळीत तीन पापुद्रे ठासण्यापेक्षा एकच पातळ पापुद्रा अधिक चांगले काम करतो. दिशा दाखवायला थोडे तंतू पुरतात. उरलेली जागा पेशींना मोकळी हवी. ते कृत्रिम बहुवारिक मात्र शरीरात वर्षानुवर्षे पडून राहते. तेच काम कोलॅजेनने किंवा रेशमाने केले, तर नस जोडली गेल्यावर पापुद्रा हळूहळू विरून जातो.

दुसरा उपयोग लसिकावाहिन्यांसाठी. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या की काही स्त्रियांचा हात कायमचा सुजतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टॅनली रॉक्सन यांच्या गटाने समांतर नॅनोतंतूंच्या कोलॅजेनचे बारीक धागे डुकरांच्या सुजलेल्या भागात त्वचेखाली ठेवले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले की त्या धाग्यांच्या आजूबाजूने नव्या लसिकावाहिन्या वाढल्या. आपल्या विदर्भात हत्तीरोगाचे रुग्ण आजही आहेत. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा ही नावे आरोग्य खात्याच्या कामात वर्षानुवर्षे येत राहिली. हे धागे हत्तीरोगावर चालतील असे मी म्हणत नाही. त्या आजारात कृमींमुळे वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, वरचेवर संसर्ग होतो. दुखणे निराळे आहे. पण ज्या भागात असे रुग्ण आहेत तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हा प्रश्न आपला मानून विचारावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

कॉर्नियाबद्दल थोडे जपून बोलायला हवे. स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातले मेहरदाद रफत आणि नील लगाली यांनी डुकराच्या कातडीतल्या शुद्ध केलेल्या कोलॅजेनचा पारदर्शक पापुद्रा बनवला आणि इराण व भारत या दोन देशांतल्या २० रुग्णांच्या डोळ्यांत बसवला. भारतातल्या शस्त्रक्रिया दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाल्या. केरॅटोकोनस या आजाराने या रुग्णांचा कॉर्निया पातळ होऊन पुढे आला होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधी अंध गणले जाणारे १४ जण दोन वर्षांनंतर अंध उरले नव्हते. किती मोठी गोष्ट आहे ही! मात्र त्या पापुद्र्यात कॉर्नियासारखे आडव्या-उभ्या तंतूंचे थर नाहीत. कोलॅजेन दाट करून, रासायनिक बंधांनी पक्के जोडून त्याला पारदर्शक आणि मजबूत केलेले आहे. म्हणजे काही ठिकाणी दिशेवाचूनही भागते. आपल्या विषयाच्या प्रेमात पडून हे नाकारण्याचे कारण नाही.

याहून गंभीर बाब अशी की काही ठिकाणी दिशा घातक असते. निरोगी त्वचेत कोलॅजेनचे जुडगे एकमेकांत विणल्यासारखे सगळ्या दिशांना गेलेले असतात, तरी शरीराच्या प्रत्येक भागात एक कल असतो. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने भोके पाडली तेव्हा ती लंबगोल झाली. त्यावरून त्यांनी काढलेल्या रेषा शल्यविशारद आजही लक्षात घेतात. जखमेचा व्रण मात्र वेगळा असतो. त्यात कोलॅजेन एकाच दिशेने, समांतर बसते. म्हणून तो चकचकीत, ताठ आणि कमी लवचीक. त्वचेसाठी समांतर तंतूंचा पापुद्रा वापरणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे, नाहीतर तो कष्टाने व्रणाचाच नमुना बनवून देईल. कर्करोगात तर हे अधिक भयंकर आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात पाओलो प्रोव्हेन्झानो आणि पॅट्रिशिया कीली यांनी २००६ मध्ये दाखवले की स्तनाच्या गाठीच्या कडेला कोलॅजेनचे तंतू गाठीपासून बाहेरच्या दिशेने सरळ उभे राहतात, आणि कर्कपेशी त्यांना धरून बाहेर पडतात. ज्यांच्या गाठीत ही रचना आढळते त्यांचा आजार अधिक बळावतो, हेही पुढे २०११ मध्ये त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. हॅरिसन यांच्या पेशी कोळ्याच्या धाग्यावरून गेल्या, त्याच नियमाने. म्हणून गाठ काढलेल्या जागेजवळ असा पापुद्रा ठेवायचा, तर तिथे एकही कर्कपेशी उरलेली नाही याची खात्री किती आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत येताना साध्या वाटणाऱ्या अडचणी फार छळतात. शस्त्रक्रियेची हत्यारे १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतात. कोलॅजेन त्या तापमानाला जिलेटिन होते. गॅमा किरण रेणूच्या साखळ्या तोडतात. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्याचा अंश उरू नये याची काळजी घ्यावी लागते. तंतू पक्के करायला ग्लुटाराल्डिहाइड वापरले, तर तेही पेशींना मारक. शिवाय समांतर तंतूंचा पापुद्रा तंतूंच्या दिशेने ओढला तर भक्कम असतो, पण आडव्या दिशेने लगेच चिरतो, आणि ओल्या पापुद्र्यात टाका धरला नाही तर शल्यविशारद तो दुसऱ्यांदा हातात घेणार नाही. आणि शेवटी उगमाचा प्रश्न. वैद्यकीय कोलॅजेन बहुतेक गायीचे किंवा डुकराचे असते. ज्याच्या शरीरात ते राहणार आहे त्याला ते कुठून आले हे त्याच्या भाषेत, शस्त्रक्रियेआधी सांगितलेच पाहिजे. ही गोष्ट छापील संमतिपत्राच्या कोपऱ्यात दडपून ठेवण्याची नाही.

या संदर्भात मला टसर रेशमाबद्दल बोलायचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. ढीवर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आपण या रेशमाला कोसा म्हणतो. तुतीवरच्या रेशमात नसलेला एक गुण त्याच्यात आहे. त्याच्या फायब्रोइन प्रथिनात आर्जिनीन, ग्लायसीन आणि अस्पार्टिक आम्ल हा तीन अमिनो आम्लांचा क्रम येतो, आणि तो नेमका इंटेग्रिनने पकडण्याचा क्रम आहे. म्हणजे पेशीला धरायला जागा रेशमातच तयार असते. पेशींच्या पकडीचा हा क्रम मायकेल पीयर्शबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये शोधला. टसरच्या फायब्रोइनवर खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे काम केले. तुतीच्या रेशमातून पाण्याच्या द्रावणाने नॅनोतंतू काढणे टफ्ट्स विद्यापीठाच्या डेव्हिड कॅपलन यांच्या गटाला २००२ मध्येच जमले होते, जहाल द्रावकाशिवाय.

टसरची अडचण अशी की तुतीचे रेशीम ज्या लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळते, त्यात टसरचा कोश सहजी विरघळत नाही. म्हणून संशोधक बऱ्याचदा कोश विणण्याआधीच अळीच्या ग्रंथीतून प्रथिन काढतात. त्यात अळी जाते आणि पाळणाऱ्याला कोशही मिळत नाही. कोशच आयनिक द्रवांत विरघळवण्याचे प्रयोगही झाले आहेत, आणि मला त्यांच्यात अधिक रस आहे. पतंग बाहेर पडताना जो कोश फुटतो, त्यातून सलग धागा निघत नाही, त्यामुळे त्याला भाव कमी मिळतो. द्रावण करायचे तर सलग धाग्याची गरजच नसते. धाग्यावरचे सेरिसिन हे चिकट प्रथिन उकळून काढले की फुटलेला कोश आणि अखंड कोश सारखेच. वैद्यकीय वापराला लागणारे रेशीम फार थोडे असेल, त्यातून एखाद्या जिल्ह्याचे अर्थकारण बदलेल असे मी सांगणार नाही. पण फुटलेल्या टसर कोशापासून द्रावण, द्रावणापासून पात्याने ओढलेला पापुद्रा, आणि त्यातली दिशा व पेशींची वाढ यांची मोजणी, एवढे काम नागपूरच्या एखाद्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत आज सुरू करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कोश कुठून आणि कोणत्या हंगामाचे घ्यायचे, झाड ऐनाचे की अर्जुनाचे यामुळे प्रथिनात काही फरक पडतो का, हे पाळणाऱ्यांशी बसून ठरवावे लागेल, आणि त्या कोशांचा दर आधी ठरवून द्यावा लागेल.